दुष्काळात माणूस कशाने मरतो : भूक, त्वचा, फुफ्फुस व प्रतिकारशक्ती यांचा परस्परसंबंध

समितीचा जमाखर्च व वाटपाचा तपशील या पुस्तिकेत अन्यत्र दिला आहे. तो पाहून कित्येक देणगीदार सज्जन आम्हांस एक प्रश्न करतात. ते म्हणतात, "आम्ही भुकेल्यांच्या मुखी अन्न पडावे म्हणून धान्यास वर्गणी दिली, मग डाळ, तेल, साबण, खरजेचे औषध आणि क्षयरोग्याच्या घरचा शिधा या बाबींसाठी समिती वेगळा पैसा का मागते? रोगाचे काम दवाखान्याचे, दुष्काळ समितीचे नव्हे." प्रश्न रास्त आहे, व ज्यांच्या पैशावर हे काम चालते त्यांस त्याचे उत्तर मागण्याचा अधिकार आहे. आम्ही पेशाने वकील आहोत, वैद्य नव्हे. तथापि वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेल्या गोष्टी क्रमवार मांडून, त्यांवरून आपल्या दानाचा विनियोग कसा व्हावा एवढा निष्कर्ष काढणे, हे काम आमच्या आवाक्यातील आहे, असे समजून हा लेख लिहिला आहे.

पाऊस असून टंचाई

प्रथम पेठ तालुक्याविषयी. नाशिकहून सावळ घाट उतरून जो कोणी आषाढात पेठेस आला, त्यास येथे दुष्काळ पडतो हे सांगून खरे वाटणार नाही. वर्षास सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस येथे पडतो. परंतु सह्याद्रीचा उतार तीव्र, मातीचा थर पातळ व खाली काळा कातळ. यामुळे पडलेले पाणी दमणगंगेसारख्या नद्यांवाटे पश्चिमेस गुजरातेकडे वाहून जाते, आणि फाल्गुन-चैत्रात विहिरी तळ गाठतात. मग हंडाभर पाण्यासाठी बायकांस डोंगर उतरावा लागतो. कोकणा, महादेव कोळी व वारली समाजाची येथील कुटुंबे नागली, वरई, भात, उडीद व खुरासणी पिकवितात. बहुतेकांची शेती पावसावरची, वर्षातून एकच पीक घेण्याची. घरचे धान्य सरले म्हणजे माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत अथवा गुजरातेत मजुरीस जातात, व पेरणीच्या सुमारास परत येतात.

अशा रीतीने येथे दोन तंग्या एकामागून एक येतात : उन्हाळ्यात पाण्याची, आणि आषाढापासून नागली निघेपर्यंत अन्नाची. पाऊस ओढ देईल त्या वर्षी या दोन्ही तंग्या लांबतात व एकमेकींस मिळतात. वाचकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण रोग याच क्रमाने येतात.

मृत्यूची नोंद आणि मृत्यूचे कारण

मृत्यूच्या नोंदवहीत 'भूक' हा शब्द सहसा आढळत नाही. तेथे न्यूमोनिया, अतिसार, ताप, गोवर, क्षय अशी कारणे लिहिलेली असतात, आणि ती खोटी नसतात. निव्वळ अन्नावाचून प्राण जाण्यास पुष्कळ दिवस लागतात. त्या आधीच कोणता तरी रोग येऊन काम उरकतो. परंतु कायद्यात ज्याप्रमाणे निमित्त आणि मूळ कारण यांत भेद करावा लागतो, तोच भेद येथेही करणे अवश्य आहे. चोर आत आला हे निमित्त. दार कोणी काढून नेले हा खरा प्रश्न. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे निम्म्या मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतील बहुतेक मुले नोंदवहीत कोणत्या ना कोणत्या रोगाच्या नावावर मांडलेली असतात.

आपल्या देशातील दुष्काळांचा इतिहास हीच साक्ष देतो. सन १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्यास विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत छप्पनिया म्हणतात, त्यात पटकी, हगवण व त्यामागून हिवताप यांनी मुंबई इलाख्यात अपरंपार माणसे नेली. पाऊस पडला म्हणजे संकट टळले, असे दूरच्या माणसास वाटते. खंगलेल्या शरीराची खरी परीक्षा मात्र तेव्हाच सुरू होते.

अन्न किती द्यावे हा वादही जुना आहे. सन १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरील मजुरास दिवसास एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य पुरे असे प्रमाण घातले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी त्यावर उघड हरकत घेतली. आपल्या प्रांतात पुण्याच्या सार्वजनिक सभेने ठिकठिकाणची माहिती मिळवून सरकारकडे लेखी दाद मागितली; त्या सभेचे धुरीण गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, हे स्वतः वकील होते. एक पौंड धान्यातून सुमारे १,६०० उष्मांक मिळतात. कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या प्रमाणाप्रमाणे सुमारे ३,५०० लागतात. कॉर्निश व सार्वजनिक सभा यांची बाजू खरी होती, हे आज निराळे सिद्ध करावयास नको. याउलट १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात कामे सढळपणे काढली गेली, मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे त्यांवर होती, आणि कामावर सुकडी वाटली गेली. कष्ट पुष्कळ झाले, परंतु पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसांची राशीने हानी झाली नाही.

आता भूक शरीराचे दार कसे काढून नेते, ते पाहू.

त्वचा

त्वचा हा शरीराचा तट होय. तिचे बाहेरचे थर सतत झडतात व आतून नवे तयार होतात. या डागडुजीस प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जस्त व जीवनसत्त्वे हा माल लागतो. अन्न तुटले म्हणजे शरीर हृदय व मेंदू यांस आधी पुरवठा करते आणि तटाची डागडुजी थांबविते. त्वचा पातळ, कोरडी व भेगाळ होते. प्रथिनांची व एकंदर पोषणाची उणीव तीव्र झाली म्हणजे मुलाच्या पायांवर सूज येते आणि कातडीचे पापुद्रे जुन्या रंगासारखे सुटतात. या विकाराचे वर्णन डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट प्रांतात १९३३ साली केले, व तो क्वाशिओरकोर या तेथील नावानेच ओळखला जातो. सुजलेले मूल वरून बाळसेदार दिसते. म्हणून पाहणाऱ्याची फसगत होते. पायावर अंगठा दाबून खळगा राहतो की काय, हे पाहावे.

दुसरे उदाहरण पेलाग्रा या रोगाचे. उन्हात उघड्या राहणाऱ्या हाता-मानेवरची कातडी काळवंडून फाटते. पुढे अतिसार व बुद्धिभ्रंश होतो. याचे मूळ नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावात आहे. दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत हा रोग का आढळतो, याचा शोध डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडला. त्यांच्या कारणमीमांसेवर पुढे वाद झाले. तथापि पोट एकाच धान्याने भरले तरी शरीर उपाशी राहू शकते, ही गोष्ट निर्विवाद राहिली.

परंतु आपल्या तालुक्यात ज्याची रोज गाठ पडते, तो त्वचारोग म्हणजे खरूज. मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान अशी एक कीटकजात; तिची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. खाज किड्याच्या चाव्याची नसून, शरीर त्या परक्या द्रव्याविरुद्ध जी प्रतिक्रिया करते तिची आहे. पहिल्या वेळी ही प्रतिक्रिया सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर निरोगी दिसणारा माणूस आपल्या अंथरुणातील इतरांस खरूज देऊन बसलेला असतो. म्हणून एकट्या रोग्यास मलम देणे व्यर्थ. घरातील सर्वांस एकाच दिवशी औषध लावावे, आणि कपडे-पांघरुणे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. जेथे पिण्याचे पाणी डोंगराखालून आणावे लागते, तेथे स्नान व धुणे हीच प्रथम सुटतात, हे उघड आहे. खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू शिरतात, पू होतो, आणि काही मुलांत त्यापासून मूत्रपिंडास सूज येते. खरूज हा क्षुल्लक रोग समजून ज्यांनी साबणाचा खर्च अनावश्यक म्हटला, त्यांनी ही साखळी पाहावी.

फुफ्फुस

आपण जो वायू आत घेतो त्याबरोबर धूळ, धूर व जंतू रोजच आत जातात. श्वासनलिकेच्या अस्तरावर चिकट द्रवाचा लेप असतो व त्याखाली अति सूक्ष्म केसर एका दिशेने हलत असतात. ते हा केर वर घशाकडे लोटतात, आणि उरलेले काम खोकला करतो. अ जीवनसत्त्व कमी पडले म्हणजे हे अस्तर रुक्ष होते व केसर झडतात. चुलीचा धूर त्यांस बधिर करतो. पावसाळ्यात ओल्या लाकडाच्या धुराने भरलेल्या बंद घरात आई व तिच्या मांडीवरचे मूल हाच वायू तासन्‌तास घेत असतात. शिवाय खोकण्यासही बळ लागते. भुकेने बरगड्यांमधील स्नायू झिजलेल्या मुलास कफ बाहेर काढता येत नाही. तो आत साचतो, आणि वायुकोश द्रवाने व पुवाने भरले म्हणजे त्यास न्यूमोनिया म्हणतात.

येथे एक गोष्ट सर्व स्वयंसेवकांनी व गावच्या मंडळींनी जाणून घ्यावी. धडधाकट मुलास न्यूमोनिया झाला तर अंग तापते. अत्यंत कुपोषित मुलास ताप येईलच असे नाही. कधी अंग उलट गार लागते, कारण ताप आणण्याचे सामर्थ्यही शरीरात उरलेले नसते. मूल निपचित पडले, पीत-खात नाहीसे झाले, हीच खूण समजावी. श्वास मोजावे : दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० वा अधिक श्वास असतील, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर उजाडण्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र वा रुग्णालय गाठावे. श्वास मंद असले तरी निपचित पडलेल्या कुपोषित मुलाबाबत हाच नियम पाळावा.

फुफ्फुसाचा दुसरा वैरी क्षय. त्याचा जंतू खोकल्यावाटे हवेत येतो व दुसऱ्याच्या फुफ्फुसात शिरतो. तेथे श्वेतपेशी त्यास गिळतात, आणि त्यांभोवती इतर पेशींचा वेढा पडून एक गाठ तयार होते. जंतू मरतोच असे नाही. तो या कोंडवाड्यात वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतो. शंभर संसर्गित माणसांपैकी पाच ते दहांसच जन्मात केव्हा तरी रोग होतो. बाकीच्यांचा पहारा शाबूत राहतो. मात्र हा पहारा अन्नावर चालतो. उपासमारीने पहारेकरी गळाले म्हणजे कोंडवाडा फुटतो, आणि जो माणूस जंतू बाळगून धडधाकट वावरत होता तो रोगी होतो. मग तो मजुरीच्या ठिकाणी एका खोपीत दहा माणसांशेजारी निजतो.

क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद कुष्ठरोगाचा जंतू. तो त्वचा व मज्जातंतू यांत राहतो, आणि रोग सौम्य होणार की उग्र, हे पुष्कळ अंशी शरीराच्या प्रतिकारावर अवलंबून असते. अंगावर फिकट वा तांबूस, बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते, आणि ते वेळेवर घेतल्यास व्यंग टळते.

प्रतिकारशक्ती

तट व दरवाजा यांमागे जी शिबंदी असते, ती प्रतिकारशक्ती. तिचे शिपाई, म्हणजे श्वेतपेशी, हाडांतील मगजात जन्मतात. त्यांपैकी एक मोठी तुकडी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तालीम घेते. ही ग्रंथी भुकेने इतकी आकसते की, तिच्या आकारावरून मुलाचे पोषण ओळखावे, असे वैद्य एकोणिसाव्या शतकापासून सांगत आले. जंतूंविरुद्ध रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात ती प्रथिनांचीच बनलेली असतात. आणि आतड्याचे अस्तर पातळ पडले म्हणजे पोटातील जंतूंस रक्ताकडे वाट मिळते.

उलट बाजूनेही हेच घडते. प्रत्येक दुखण्यात ताप शरीरातील साठा जाळतो, भूक मरते, आणि अतिसारात खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणजे भुकेने रोग येतो, रोगाने भूक वाढते, आणि दुसरा रोग पहिल्याहून सोप्या रीतीने शिरतो. स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन या तिघांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात हे चक्र सप्रमाण मांडले. सावकाराच्या व्याजाचा अनुभव असणाऱ्यांस ते समजावून सांगण्याची गरज नाही : मुद्दल फिटण्यापूर्वी दुसरे कर्ज चढते.

गोवर हा या चक्रातील सर्वांत क्रूर सावकार. तो अ जीवनसत्त्वाचा साठा संपवितो, फुफ्फुसात न्यूमोनियास वाट करून देतो, आणि पूर्वी झालेल्या रोगांविरुद्ध शरीराने जी ओळख जमविली होती तीही पुष्कळ अंशी पुसून टाकतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आले. म्हणून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांस नऊ महिने पूर्ण होताच व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान लस टोचली गेली की नाही, हे पाहणे म्हणजे अन्नवाटपाइतकेच मोठे दुष्काळकार्य आहे.

उपाय चालतो, याचे दोन पुरावे

कोणताही पक्ष केवळ युक्तिवादाने सिद्ध होत नाही, पुरावा लागतो. पहिला पुरावा महाराष्ट्रातीलच. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातीलच माणसांस श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे अशा गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू दर हजार मुलांमागे ८.१ होते, तुलनेस घेतलेल्या गावांत ते १७.५ होते.

दुसरा पुरावा झारखंडातील. २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरोगी व त्यांच्या घरच्या १०,३४५ माणसांचा अभ्यास केला. सर्व रोग्यांस औषधाबरोबर शिधा दिला. घरच्या माणसांपैकी ज्यांच्या वाट्यास दरमहा दरडोई ५ किलो तांदूळ व १.५ किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या आल्या, त्यांच्यात नवा क्षय इतर घरांच्या मानाने ३९ टक्क्यांनी कमी झाला. डाळ-तांदूळ हे येथे लसीसारखे कामास आले. व्यापारी बंधूंनी दीड किलो डाळीचा बाजारभाव मांडावा, व एका कमावत्या माणसाच्या सहा महिन्यांच्या मजुरीशी ताडून पाहावा.

आमची विनंती

वरील विवेचनावरून समितीने जे नियम ठरविले ते येणेप्रमाणे :

१. धान्याबरोबर डाळ व तेल यांची देणगी द्यावी. नागली हे उत्तम धान्य असून त्यात चुना व लोह भरपूर आहे. परंतु डाळीवाचून प्रथिने अपुरी राहतात, आणि तेलावाचून अ जीवनसत्त्व अंगी नीट लागत नाही.

२. साबण, धुतलेली पांघरुणे व खरजेचे औषध यांसाठी वेगळी रक्कम द्यावी. औषध घरागणिक द्यावयाचे असल्यामुळे ते एका रोग्यापुरते मोजू नये.

३. क्षयरोग्याचे एक घर एका देणगीदाराने दत्तक घ्यावे. सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून चालू असून, नोव्हेंबर २०२४ पासून रोग्यास दरमहा १,००० रुपये मिळतात. २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवून कोणासही शिधा देता येतो. सरकारी रक्कम रोग्यापुरती आहे. त्याच्या मुलाबाळांच्या ताटाची काळजी आपण घ्यावी.

४. देणगी ज्येष्ठापूर्वी पोहोचावी व नागली निघेपर्यंत चालू राहावी. पहिल्या पावसाबरोबर वर्गणी थांबते, असा अनुभव आहे. आणि रोगांचा जोर त्यानंतरच होतो.

५. पुण्यकर्म म्हणून गोडाधोडाची एक मोठी पंगत घालण्याची इच्छा असल्यास कृपा करून प्रथम विचारावे. दीर्घ उपाशी माणसास एकदम भरपेट जेवण दिल्यास रक्तातील क्षारांचा, विशेषतः फॉस्फरसाचा, तोल बिघडून प्राणावर बेतते. अत्यंत खंगलेल्या मुलांस पोषण पुनर्वसन केंद्रात वैद्याच्या देखरेखीखाली थोडेथोडे, वारंवार अन्न द्यावे लागते. तीच रक्कम रोजच्या वाटीभर वरणास दिल्यास अधिक पुण्य पदरी पडेल.

दिंडोरी-निफाडकडील बागायतदारांस आम्ही आणखी एक शब्द सांगू इच्छितो. पेठची माणसे आपल्या बागांची छाटणी करतात, आपला माल पेट्यांत भरतात. त्यांच्या खोपीत धूर जाण्यास वाट असावी, दर माणशी निजण्यास पुरेशी जागा असावी, धुण्यास पाणी असावे, व दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकलेल्या मजुराची थुंकी तपासली जावी. तपासणीस आपला एक दिवस खर्च होईल. न केल्यास तो मजूर ज्या घरी परत जाईल तेथील मुले, आणि त्याच्या शेजारी निजणारे आपले इतर मजूर, यांस त्याची किंमत मोजावी लागेल.

१९९२ साली आपल्या शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा सर्व महाराष्ट्र हळहळला. ती हळहळ मागाहून आली. पेठेत ती पाळी येऊ नये यासाठी हळहळ आधी, व धान्य, डाळ, तेल आणि साबण यांच्या रूपाने यावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.  ज्यांनी अद्याप साहाय्य केले नाही त्यांनी आपल्या सोयीप्रमाणे, परंतु ज्येष्ठापूर्वी, करावे.